पोरांना कशाला सांगायचं?

पेणच्या स्टँडवर रिक्षावाल्याला ‘भीतीवाल्या बाईंकडे सोड’ म्हटलं, की तो पुढे काही न विचारता माझ्या दारात आणून सोडायचा. दारावरच्या पाटीवर ‘बाल व कुटुंब समुपदेशन’ असं चांगल्या ठळक अक्षरांत लिहिलं होतं, पण पाटी वाचून आत आलेला माणूस मला आठवत नाही. माणसं ऐकून यायची. पोर शाळेत जात नाही, पोराला झोप नाही, पोराच्या पोटात दुखतं आणि सोनोग्राफीत काही सापडत नाही, अशा वेळी शेजारची कुणीतरी म्हणायची, ‘त्या भीतीवालीकडं ने गो एकदा.’ पहिली काही वर्षं मला या नावाचा राग यायचा. नंतर वाटायला लागलं, पाटीपेक्षा हेच खरं आहे.

आठवड्यातले चार दिवस पेण आणि दोन दिवस रोहा असं माझं चालायचं. रोह्याला एका डॉक्टरांच्या दवाखान्यामागे औषधांचे खोके ठेवायची खोली होती, ती त्यांनी मला मोकळी करून दिली होती. एसटीनं जायचं, संध्याकाळी परतायचं. यंदा ते सगळं थांबवलं. गुडघ्यांनी आधीच नोटीस दिली होती, मग कानांनीही दिली. घाबरलेलं मूल हळू बोलतं, आणि त्याला ‘काय म्हणालास?’ असं दोनदा विचारलं, की ते तिसऱ्यांदा तोंड उघडत नाही. ऐकू न येणाऱ्या बाईनं या धंद्यात बसू नये.

माझ्याकडे येईपर्यंत सगळे उपाय करून झालेले असायचे. दृष्ट काढलेली असायची, मनगटात काळा धागा असायचा, गॅसच्या गोळीपासून जंताच्या औषधापर्यंत सगळं पोटात गेलेलं असायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. दृष्ट काढणाऱ्यांना मी कधी हसले नाही, कारण तेवढी पाच मिनिटं तरी आई सगळं काम टाकून पोरासमोर बसलेली असते.

लोकांना वाटायचं, मी मुलाशी काहीतरी गोड बोलते आणि त्याची भीती जाते. मुलाशी मी फार कमी बोलायचे. माझं भांडण घराशी असायचं. भीती मुलाला वाटते, पण तिला खाऊपिऊ घालतं ते घर. पोर विचारतं, ‘आई, पाल आहे का?’ आई उठून दिवा लावून सगळ्या भिंती दाखवते, ‘बघ, नाहीये.’ पोराला जरा बरं वाटतं आणि मग ते परत विचारतं. थोड्या दिवसांनी आई रोज भिंती दाखवत असते, बाप दिवा चालू ठेवून झोपत असतो, पालीचं नाव काढायचं नाही असा घरात कायदा झालेला असतो. पोराची तर खात्रीच पटते, की पाल भयंकर असणार. नाहीतर एवढी मोठी माणसं एवढी धावपळ कशाला करतील?

पेणजवळच्या जोहे गावातलं एक घर असंच होतं. पिढीजात गणपतीचा कारखाना. आठ वर्षांचा मुलगा कारखान्यासमोरून जायला तयार नव्हता. मूर्तीला रंग आधी देतात आणि डोळ्यांची आखणी शेवटी होते. तोवर शेकडो गणपती डोळ्यांशिवाय ओळीनं बसलेले असतात. पोराला ते सहन व्हायचं नाही. घरानं काय करावं? पोराच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच्या मूर्तींवर प्लास्टिक टाकायला सुरुवात केली. मग पोर शाळेतून यायच्या वेळी दारं बंद. मग आखणी करणाऱ्या काकांना वरच्या फळीवरचे डोळे आधी काढायला लावले, आणि त्या गडबडीत दोन गणपती तिरळे झाले. बाप माझ्यापुढे कपाळाला हात लावून बसला होता. ‘मॅडम, ऑर्डरी डोक्यावर आल्यात आन् आमचा कारखाना याच्या मुठीत चाललाय.’

मी सांगितलं, प्लास्टिक काढा, दारं उघडी ठेवा, त्याला समजावू नका, रागावूही नका. आधी दारात उभं राहू दे, मग उंबऱ्यात बसू दे, मग एक वीतभर मूर्ती त्याच्या हातात द्या. रडेल, रडू दे. भीती वाढत वाढत जाते आणि एका जागी थकते, हे त्याला स्वतःला बघू दे. गणेशोत्सव झाल्यावर आई पुन्हा आली, तेव्हा तक्रार वेगळी होती. पोर कारखान्यातून उठतच नाही, ट्यूशन बुडवतंय. मी म्हटलं, बाई गं, त्यासाठी दुसरीकडे जा.

अशा केसेस सांगायला बऱ्या वाटतात. लोकही हसतात. पण जिची मला अजून झोपेत आठवण येते ती तन्वी, रोह्याजवळच्या धाटाव एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यातली.

ती पहिल्यांदा रोह्याच्या खोलीत आली तेव्हा चौथीत होती. भात आणि वाल करणारं घर. थोरला भाऊ भालचंद्र, ज्याला सगळे भालूकाका म्हणत, तो शेती बघायचा. धाकटा संतोष, म्हणजे तन्वीचा बाप, धाटावच्या एका केमिकल कंपनीत ऑपरेटर. तन्वीच्या शाळेच्या मैदानातून कंपन्यांच्या चिमण्या दिसायच्या. एकदा कुठल्याशा कंपनीत आग लागून काळा धूर वर आला, तो सगळ्या शाळेनं बघितला. ती कंपनी संतोषची नव्हती. बाकीची मुलं दुसऱ्या दिवशी विसरली, तन्वी विसरली नाही.

तेव्हापासून बाप शिफ्टला गेला, की हिचं पोट दुखायचं. कंपनीच्या गेटवर मोबाईल जमा करावा लागतो, आत ठिणगीची भीती असते, त्यामुळे बापाला फोन लागायचा नाही. मग ही आईला गेटवर फोन करायला लावायची. गेटवरच्या वॉचमनला तिचा आवाज पाठ झाला होता. ‘हाय गो बाय, तुझा बापूस आत हाय, धडधाकट हाय,’ असं तो बिचारा पुन्हा पुन्हा सांगायचा. बाप घरी आला, की ही त्याचे हात उलटेसुलटे करून बघायची, शर्टाचा वास घ्यायची. संतोष हसरा माणूस. मला म्हणाला, ‘मॅडम, आमच्या सेफ्टी ऑफिसरपेक्षा ही कडक हाय. हिलाच लावून घ्या म्हणावं कंपनीला.’

तो उशिरा आला, की घरचं एक ठरलेलं उत्तर होतं, ‘डबल लागली.’ शिफ्ट संपताना पुढच्या पाळीचा माणूस आला नाही, तर आधीच्यानं तसंच पुढची पाळी काढायची, त्याला तिकडे ‘डबल लागली’ म्हणतात. खरोखर लागायचीही. पण संतोष मित्रांबरोबर थांबला तरी डबल लागली, गाडी पंक्चर झाली तरी डबल लागली, आणि कुणालाच काही माहीत नसलं तरीही डबल लागली. तन्वीनं मला हळूच सांगितलं, ‘डबल केली ना, की बाबाचे डोळे लाल होतात. कधी कधी लाल नसतात.’ तिला सगळं कळत होतं. घरातले खोटं बोलतात हे कळलेलं मूल मग घरच्यांच्या खऱ्यावरही विश्वास ठेवत नाही, आणि दिवसभर पहारा देत बसतं.

मराठी आईबापांचं लाडकं वाक्य म्हणजे ‘काही होत नाही’. ते मी प्रत्येक घरात बंद करायला लावायचे. धाटावच्या पोराला काही होत नाही म्हणून कसं सांगणार? मी त्या घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, जे माहीत नाही ते सांगायचं नाही. माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ म्हणायचं. आणि तन्वीनं दिवसातून एकदाच विचारायचं. उत्तर मिळालं, की दप्तर उचलायचं, पोट दुखत असलं तरी.

भालूकाकांना हे पटलं नाही. ‘पोरांना कशाला सगळं सांगायचं, मॅडम? बारकी जीवं ती.’ आई, सुजाता, मध्येच अडकलेली. पाळलं ते संतोषनं. एका संध्याकाळी तो उशिरा आला आणि पोरीसमोर उभा राहून म्हणाला, ‘मित्रांबरोबर बसलो होतो गो. पिलो जरा.’ सुजाता लाजेनं आत पळाली. तन्वीनं मात्र त्याचे हात बघितले नाहीत, सरळ जेवायला बसली. पुढच्या वेळी संतोषनं मला हे सांगितलं, तेव्हा बायकोचा मार तेवढा राहिला होता म्हणाला.

पोटदुखी थांबायला काही महिने गेले. गेटवरचे फोन बंद झाले. वॉचमननंच संतोषला विचारलं म्हणे, ‘पोरगी रुसली काय रे माझ्यावर?’ मी खूश होते. थंडीत त्यांनी मला पोपटी खायला बोलावलं. शेताच्या बांधावर मडक्यात वालाच्या शेंगा भाजून निघाल्या, आणि तन्वी अंधारात पोरांबरोबर खुशाल पळत होती, बाप सेकंड शिफ्टला असताना. मला आठवतंय, मी मनात म्हटलं होतं, चला, हे घर झालं.

वालाची काढणी सुरू असताना एका दुपारी सुजाताचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता. ती नवी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयातून बोलत होती. प्लँटमध्ये पाइपाचा जोड सुटला आणि गरम द्रव संतोषच्या अंगावर आला. छातीपासून खाली भाजला होता. बोलत होता, माणसं ओळखत होता, पण डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की असा माणूस पहिले काही दिवस बोलतो. पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही.

‘तन्वी?’ मी म्हटलं.

‘ती बरी हाय, मॅडम. भालूदादांनी तिला सांगितलंय, बाबाला कंपनीनं बाहेर पाठवलाय. मी मामाकडं गेलीय असं सांगितलंय. दोन-तीन दिवस झाले. शाळेत जाते, जेवते, काय विचारतच नाय. तुमच्यामुळं लय शानी झालीय पोरगी.’

मी फोन ठेवला. तन्वी विचारत नाही? एकदाही? आईबाप दोघं घरात नाहीत आणि ही पोर दिवसाचा तिचा तो एक हक्काचा प्रश्नसुद्धा विचारत नाही? सुजाताला वाटत होतं, माझं औषध लागू पडलंय. मला भीती वाटली.

आपल्याकडे मरण कधीच सरळ सांगत नाहीत. माणूस गेलेला असला तरी नातेवाइकांना फोन जातो, ‘सीरियस आहे, लगेच निघा.’ ऐकणाराही समजतो आणि समजलं नाही असं दाखवत गाडीत बसतो. मोठ्यांचं ठीक आहे, त्यांना ही भाषा येते. पोरांना तेवढंही सांगत नाहीत. त्यांना कुणाच्या तरी घरी नेऊन खाऊ देतात, आणि सगळं उरकल्यावर परत आणतात. यात दुष्टपणा नसतो, माया असते. म्हणूनच त्याच्याशी भांडणं फार अवघड जातं.

दुसऱ्या दिवशी माझा रोह्याचा वार होता. आधी तन्वीच्या शाळेत गेले. वर्गाच्या बाईंनी मला व्हरांड्यात गाठून कुजबुजत सांगितलं, की भालूकाकांनी सांगितल्यावरून त्यांनी सगळ्या वर्गाला ताकीद दिली आहे, तन्वीजवळ कुणी काही बोलायचं नाही. मोबाईलवर बातमी सगळ्या गावानं वाचली होती. मधल्या सुट्टीत तन्वी आली. वेणी नीट घातलेली, चेहरा कोरडा. मैदानाच्या कडेला आम्ही दोघी बसलो.

‘खेळत नाहीस?’

‘खेळते. पण माझ्यावर राज्यच येत नाय.’

‘म्हणजे?’

‘लपाछपीत. मी पकडली गेले तरी दुसरीच कोणतरी म्हणते, मी घेते राज्य. तीन दिवस झाले. प्राजक्ता तर माझ्याशी बोलत नव्हती, ती पण मला लाडू देते.’ ती मातीत काडीनं रेघा ओढत होती. ‘मॅडम, बाबाला काहीतरी झालंय.’

‘कुणी सांगितलं?’

‘कोणीच नाय. मी विचारलं नव्हतं तरी काका सांगायला लागले, बाबाला कंपनीनं बाहेर पाठवलाय. मग काकू म्हणाली, डबल लागलीय. दोघांचं वेगळं वेगळं. बाबानं सांगितलं असतं ना, जायच्या आधी.’

‘मग तू विचारलं का नाहीस, बाळ? तुला तर विचारायचा हक्क आहे.’

तिनं काडी टाकली. ‘विचारलं तर काका रडतील. काल गोठ्यात रडत होते.’

दहा वर्षांची पोर घरातल्या मोठ्या माणसांना सांभाळत होती. मी तिला एकदाच विचारून गप्प व्हायला शिकवलं होतं, त्यातलं गप्प राहणं तेवढं तिनं त्यांच्यासाठी वापरलं होतं. मला तिला तिथंच सगळं सांगून टाकावंसं वाटत होतं. पण बापाची बातमी मैदानात परक्या बाईकडून कळू नये, ती घरानं द्यायची असते. मी तिला एवढंच म्हटलं, ‘तुला जे वाटतंय ते बरोबर आहे. काहीतरी झालंय. मी आज घरी येते आणि काकांनाच सांगायला लावते.’ तिनं मान हलवली आणि घंटा झाली म्हणून वर्गात गेली.

भालूकाका ओटीवर बसले होते. अंगणात झोडपलेले वाल पसरून ठेवले होते, त्यांच्याकडे बघायलाही कुणाला सवड नव्हती. मी विषय काढताच त्यांनी हात जोडले.

‘मॅडम, तुमची पुस्तकं पेणात. आमच्यात बारक्या पोराला मरणाचं सांगत नायत.’

‘अजून तो मेलेला नाही, दादा.’

मी हे फार कठोरपणे म्हटलं. आत काकूंच्या हातातलं भांडं पडलं. काकांचा चेहरा लाल झाला, आणि मग तो लहान मुलासारखा वेडावाकडा झाला.

‘तिला तसा बापूस दाखवू? सगळा पट्ट्यांत बांधलाय. आन् तिथं बारक्यांना सोडत पण नायत आत.’

‘दाखवू नका. बोलू द्या. फोनवर. तो बोलतोय तोवर.’

‘आन् ती घाबरली तर? परत ते पोट, परत ते सगळं? तुम्हीच तर बरी केलीत तिला!’

‘ती घाबरलेलीच आहे. एकटी घाबरलीय, एवढंच.’

काका मानत नव्हते. संतोषला वाचवणं आपल्या हातात नाही, निदान पोरीला तरी वाचवू, असं त्यांना वाटत असावं. मी बोलत गेले, ते मान हलवत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. शाळा सुटून तन्वी अंगणात कधी आली ते आम्हाला कळलं नाही. दप्तर पाठीवरच होतं. वालांच्या पलीकडे उभी राहून ती म्हणाली, ‘काका, मी रडणार नाय. एकदाच विचारीन. द्या ना बोलायला.’

काकांनी तिला जवळ घेतलं आणि सांगितलं. अर्धं सांगितलं, अर्धं हुंदक्यात गेलं. ‘भाजलाय गो तुझा बापूस. लय भाजलाय.’ तिनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. मी त्या ओटीवर उभी होते आणि मला कुठे बघावं ते कळत नव्हतं.

फोन लागायला वेळ लागला. वॉर्डातल्या नर्सनं नाही म्हटलं, मग हो म्हटलं. सुजातानं अंगावर तो हिरवा डगला चढवून, मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत घालून संतोषच्या कानाशी धरला. इकडे काकांनी स्पीकर लावला. मशीनचा टिकटिक आवाज येत होता.

‘बाबा.’

‘हां गो.’ आवाज त्याचा वाटत नव्हता. घसा खरवडून काढल्यासारखा होता.

‘तुला लागलंय?’

‘व्हय. लय लागलंय.’

‘दुखतंय?’

‘व्हय. दुखतंय गो.’

ती एकदाच विचारणार होती, दोनदा विचारून झालं होतं. तिसरा प्रश्न तिच्या ओठावर आलेला मला दिसला, कारण तो प्रश्न मला तिच्याकडून शंभरदा ऐकून पाठ होता: घरी कधी येशील? तिनं तो गिळला. ‘बाबा, मी शाळेत गेले होते आज,’ ती म्हणाली. ‘काल पण.’

‘शाब्बास,’ संतोष म्हणाला, आणि मग नर्सनं फोन बाजूला घ्यायला लावला.

तन्वी त्यानंतर रडली. काकूंच्या मांडीत डोकं घालून, मोठ्यानं, खूप वेळ. मला हायसं वाटलं. पोर रडली म्हणून हायसं वाटणारी माणसं या धंद्यातच असतात.

संतोष दुसऱ्या दिवशी सकाळी गेला.

मी बाराव्याला गेले तेव्हा भालूकाका माझ्याशी बोलले नाहीत. निघताना फाटकाशी आले आणि खाली बघत म्हणाले, ‘बोलला आन् गेला. थोडा दम राखला असता, तर दोन दिवस अजून काढले असते त्यानं.’ एक मिनिटाच्या बोलण्यानं माणूस जात नाही, हे कुठल्याही डॉक्टरनं त्यांना सांगितलं असतं. पण भाऊ गेलेल्या माणसाला कुणावर तरी रागवायचं असतं, आणि मी समोर होते. आजही ते मला रस्त्यात भेटले, तर नमस्कार करतात आणि पुढे जातात. मला ते लागतं. खोटं कशाला बोलू?

पावसाळा संपत आला तेव्हा सुजाता तन्वीला घेऊन रोह्याच्या खोलीत आली. पोट पुन्हा दुखत असेल असं मला वाटलं. तसं काही नव्हतं. कंपनीनं संतोषच्या जागी सुजाताला लावून घेतलं होतं, पॅकिंगला. त्याच गेटातून आत. सध्या जनरल शिफ्ट, पुढे पाळ्याही लागतील. सोमवारपासून जायचं होतं. गावात सगळे म्हणत होते, बरं झालं, घराला आधार झाला. झालाच होता.

‘तुम्हीच सांगा तिला, मॅडम,’ सुजाता म्हणाली. ‘माझ्यावर तिचा विश्वास नाय राहिला.’

तन्वी खुर्चीत बसली होती. पाय आता जमिनीला टेकत होते. तिनं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘आईला तिथं काय नाय ना होणार?’

इतकी वर्षं शेकडो आयांना मी जे वाक्य बोलू दिलं नाही, ते माझ्या जिभेवर तयार होतं. सुजाताचे डोळे माझ्यावर होते, अक्षरशः भीक मागत होते. तेवढं एक वाक्य बोलले असते, तर त्या दोघी हसत बाहेर पडल्या असत्या. मी म्हटलं, ‘माहीत नाही गं, तन्वी.’

‘बरं,’ ती म्हणाली.

सुजाता उठली. पदर खोचून पोरीचा हात धरला आणि दारातून माझ्याकडे वळली. ‘आज तरी खोटं बोलायचं होतं, मॅडम,’ ती म्हणाली. ‘एवढी कशी हो तुम्ही?’ त्यानंतर त्या आल्या नाहीत.

पुढे एकदा मी कोलाडवरून येणाऱ्या एसटीत होते. धाटावच्या अलीकडे, त्यांच्या गावच्या फाट्यावर, कंपनीची बस उभी होती आणि आमची गाडी तिच्यामागे अडकली. सुजाता डबा घेऊन बसमध्ये चढत होती. बाजूला तन्वी गणवेशात उभी. तिनं आईचे हात धरले नाहीत, तिला काही विचारलं नाही. बस हलली तशी तिनं दप्तर सारखं केलं आणि शाळेच्या रस्त्याला लागली, मागे वळूनही न बघता. पोट दुखत नाही, शाळा बुडत नाही, एकही प्रश्न नाही; आमच्या धंद्यात याला पोर पूर्ण बरी झाली म्हणतात. मी खिडकीची काच खाली ओढली आणि दुसरीकडे तोंड करून बसले, कारण मला तिच्याकडे बघवत नव्हतं.